मेश्रामबाबूंचं सागवान

मेश्रामबाबू कोणाच्याही घरी आले की आधी त्यांचा हात आत यायचा, मागून ते. उजवा हात वर करून चौकटीच्या वरच्या लाकडाला लावायचा, ते कुठं आहे याचा अंदाज घ्यायचा, मान खाली घालायची आणि मग पाऊल टाकायचं. आमच्याच घरी असं नाही. स्वतःच्या घरात, ऑफिसात, रेशनच्या दुकानात, सगळीकडं. माणूस उंच होता हे खरं, पण इतकाही नव्हता. स्टेशनच्या दाराखालून हत्ती जाईल, तिथंसुद्धा त्यांचा हात वर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. आमच्या ओळीतली पोरं त्यांची नक्कल करायची. ते पाहायचे, हसायचे आणि पुन्हा हात वर करून आत जायचे.

सहासष्ट-सदुसष्ट सालची गोष्ट. लग्न होऊन मी नागपूरला आले ती सक्करदऱ्याच्या एका भाड्याच्या ओळीत. दोन-दोन खोल्यांची कौलारू घरं, मागं सगळ्यांचं मिळून एक अंगण, अंगणात विहीर आणि कडुनिंब. माझं माहेर वर्धेकडचं, शेतीवाडीचं. आपल्या घराची भिंत दुसऱ्याच्या घराला चिकटलेली असते आणि आपण खोकलो तर पलीकडून "पाणी प्या" म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्या भिंतीपलीकडं मेश्राम. बाबू सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत कारकून, बायको यमुनाबाई, थोरली पुष्पा आणि धाकटा मुलगा. मी त्यांना भाऊजी म्हणायचे, ते मला वहिनी.

आल्या आल्या यमुनाबाईंनी चहाला बोलावलं. खुर्ची घरात एकच, तीवर बाबूंचा सदरा वाळत घातलेला, म्हणून मला म्हणाल्या, पलंगावर बसा. बसा म्हणायला काय जातं! पलंगाच्या चारी पायांखाली विटांवर विटा रचलेल्या. मी टुणकन उडी मारून बसले आणि माझे पाय लहान पोरीसारखे लोंबकळायला लागले. खाली वाकून पाहते तर लाकूडच लाकूड. फळ्या, वासे, तुळयांचे तुकडे, सगळं नीट रचलेलं, आणि दोन फळ्यांच्या मधून हवा खेळावी म्हणून बारीक पट्ट्या घातलेल्या. माळ्यावर तेच. मागच्या अंगणात भिंतीला लागून विटांवर मोठा ढीग, वर पत्रा, तिथंही तेच. यमुनाबाईंनी कपबशी माझ्या हातात दिली आणि त्या लाकडाची ओळख करून दिली.

"ही माही सवत," त्या म्हणाल्या. "माह्याआधीपासून हाय घरात. मी मागून आली."

कारकुनाच्या घरात इतकं सागवान आलं कुठून, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. तर ते असं, की बाबूंना कचेरीच्या कामानं चंद्रपूरकडं दौरे असत. माणसं तिकडून येताना मुलांना काही खाऊ आणतात, बायकोला लुगडं आणतात. बाबू एक लाकूड आणायचे. डेपोची पावती खिशात, लाकूड एसटीच्या टपावर. शहरात महालात, गांधीबागेत कुठं जुनं घर पाडतात असं कळलं की रविवारी सायकल घेऊन तिथं हजर. तुळई सायकलला बांधायची, मागच्या टोकाला ट्रकला बांधतात तसं लाल फडकं लावायचं आणि सायकल हातात धरून पायी पायी घरी यायचं. ते फडकं गल्लीच्या तोंडाशी दिसलं की यमुनाबाई आत जाऊन भांडी आपटायला लागत. सायकलचं टोक घरात आणि तुळईचं टोक अजून रस्त्यात, असा तो प्रकार.

दिवाळी झाली की सगळं लाकूड बाहेर निघायचं. एकेक फळी उन्हाला दाखवायची, उलटी करायची, वाळवीसाठी गॅरेजमधलं जळकं तेल फासायचं, टोकं फाटू नयेत म्हणून त्यांना शेण लावायचं. त्या दिवशी साऱ्या ओळीला यमुनाबाईंच्या हातचे पोहे मिळायचे, म्हणून लोकही हात लावायचे. पण त्या तेलाचा वास! माझी धुतलेली लुगडी दोरीवर असत आणि पुढं आठवडाभर मी मोटारीच्या कारखान्यातून आल्यासारखी वास मारत असे. एकदा मी चांगली भांडले. बाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक फायदा हाय वहिनी, तुमच्या लुगड्याले आता वाळवी नाई लागत." मला राग आणि हसू बरोबरच आलं, आणि मला दोन्ही एकदम आवरत नाहीत.

त्यांची बोलायची एक ठरलेली रीत होती. कशावरही, "वाळू द्या." ओळीत दोन घरांचं भांडण जुंपलं, कोणी निवाडा मागायला आलं, की बाबू म्हणायचे, वाळू द्या जी, ओल्यात करवत चालवू नाई. पुष्पाला पहिलं स्थळ आलं तेव्हाही तेच. माझं आणि आमच्या ह्यांचं एकदा दिवसभर बोलणं बंद होतं. बाबूंनी भिंतीपलीकडून ओळखलं आणि ह्यांना नुसतं म्हणाले, वाळू द्या, सकाळी पाहू. सकाळी खरंच काही राहिलं नव्हतं. यमुनाबाई मात्र म्हणायच्या, यांचं सारं आयुष्य वाळण्यातच चाललं बाप्पा.

हे लाकूड कशाला, असं विचारलं की उत्तर एकच: घराच्या दाराला. आणि घर? घर होईल, आधी दार. जगात लोक आधी जागा घेतात, पाया खणतात, भिंती उभारतात, मग सुताराला बोलावतात. यांनी जागा नाही, पाया नाही, आणि चौकटीचे दोन खांब तेवढे अंगणातल्या ढिगाच्या तळाशी जपून ठेवलेले. ते खांब सगळ्यांत जुने, लग्नाच्याही आधीचे. नऊ फूट उंचीच्या दाराचे. एवढं उंच दार कशाला, राजवाडा बांधता का, असं मी एकदा विचारलं होतं. ते हसले आणि लाकडावरची धूळ पुसत राहिले.

आता होळीचं सांगते. आमच्याकडं होळीला पोरं लाकडं चोरतात, त्याला कोणी चोरी म्हणत नाही. कोणाचं फाटक जातं, कोणाची जुनी खाट. आणि एकदा का लाकूड होळीवर चढलं की ते परत घ्यायचं नाही, असा नेम. ज्याचं गेलं त्यानंही हसायचं असतं. बाबू दरवर्षी होळीच्या संध्याकाळी अंगणात ढिगासमोर खुर्ची टाकून बसायचे. एका वर्षी नेमका घरमालकाचा निरोप आला म्हणून उठून गेले, तेवढ्यात पोरांनी डाव साधला. परत येऊन पाहतात तर पत्रा सरकलेला, वरच्या फळ्या उपसून टाकलेल्या आणि तळातला एक खांब गायब.

चौकटीचा खांब, बरं का. बाबू धावतच चौकात गेले, मागून यमुनाबाई, मागून मी. खांब होळीवर चढलेला, मधोमध, सगळ्यांत उंच. मला वाटलं, आता हा शांत माणूस कोणाच्या तरी कानाखाली वाजवणार. पण बाबूंनी पोरांना शिवी दिली नाही, खांबाला हातही लावला नाही. होळीच्या कडेला उभे राहून त्यांनी सांगितलं की तुमचा नेम मला मोडायचा नाही, पण अदलाबदल होते का ते सांगा. पोरं एकमेकांकडं पाहायला लागली. असा प्रश्न त्यांना कोणी केलेलाच नव्हता. त्यांच्यातला मोठा म्हणाला, सारखं लाकूड द्या अन् घेऊन जा. तर बाबू घरी आले आणि ती एकुलती एक खुर्ची उचलून घेऊन गेले. चांगली शिसवी खुर्ची होती, यमुनाबाईंच्या माहेरची. खुर्ची होळीवर चढली आणि बाबू खांब खांद्यावर घेऊन परत आले.

त्यानंतर त्या घरात खुर्ची आली नाही. सागवानानं भरलेलं घर आणि बसायला चटई. पाहुणा आला की एक तर उडी मारून पलंगावर बसायचा नाही तर जमिनीवर. यमुनाबाईंचे गुडघे दुखायला लागले तरी त्या जमिनीवरच बसत. मी कधी चिडून म्हटलं की या ढिगातून एक खुर्ची काढा ना करून, तर म्हणायच्या, सवतीले कोण करवत लावते जी.

वस्तीतल्या लोकांचाही त्या ढिगावर डोळा होता. आमच्या ओळीमागच्या वस्तीत विहार होतं, म्हणजे टिनाचं एक छप्पर, आत बुद्धाची मूर्ती आणि बाहेर पोरांचा गलका. तिथल्या मंडळाचा प्रल्हाद रामटेके नावाचा एक तडफदार मनुष्य होता, मिलमध्ये कामाला. तो लाकूड मागायला आला होता. बाबूंनी त्याला वर्गणी दिली, चहा पाजला, पण लाकूड नाही दिलं. आधी माझं दार, म्हणाले. रामटेके जाताना जरा खोचकच बोलला, की बाबू, दगडाची पूजा सोडली अन् लाकडाची धरली. बाबूंना ते लागलं होतं. दोन दिवस ते अंगणात आले नाहीत. पण लाकूड दिलं नाही ते नाहीच.

पुष्पाचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात मात्र घरातच भडका उडाला. आम्ही दोघी अंगणात कुरड्या घालत होतो. बाबू येऊन सांगायला लागले की पोरीच्या आलमारीचं बोलून आलो, लोखंडाची, हिरव्या रंगाची. यमुनाबाईंचा हात साच्यावरच थांबला. सोळा-सतरा वर्षं त्या बाईनं त्या लाकडाची थट्टा केली होती, राग कधी काढला नव्हता. त्या दिवशी निघाला.

"पोरगी लोखंड घेऊन जाऊन राहिली, अन् घरात सागवान पडून राहिलं," त्या म्हणाल्या. "कोणासाठी ठेवता जी हे? सरणासाठी?"

मी उठून आत जाणार होते. पण हात पिठानं भरलेले, आणि खरं सांगायचं तर पाय उचलेना. बाबू तिथंच विहिरीच्या काठावर टेकले.

"तुले कधी सांगतलं नाई," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या घरात आमाले शिरता येत नव्हतं, अन् आपल्या घरात वाकल्याबिगर शिरता येत नव्हतं. आमचं दार बुटकं. दीक्षा घेऊन मी अन् बाप नागपूरहून गावाले परत गेलो. तोवर बाप गावात मागच्या वाटेनं जाये. त्या दिवशी पांढरे कपडे घालून मधातल्या रस्त्यानं गेला, चावडीपुढून, मान वर करून. मी मागं. कोणी काई बोललं नाई. घरापाशी आला अन् तसाच आत शिरला. जलमभर वाकला, त्या दिवशी वाकायचं इसरला. कपाळ फुटलं. पांढऱ्या सदऱ्यावर सारं रक्त. मी घाबरलो, तर तो उंबऱ्यावर बसून हासून राहिला. मले म्हणे, माणूस उभा झाला गा, दार नाई झालं."

पुढं त्यांनी एवढंच सांगितलं, की मी उंच दार करून देतो असं मी बापाला म्हटलं, आणि बाप पुढचा पोळा पाहायला राहिला नाही. पहिल्या पगारात जे दोन खांब घेतले ते त्या दाराचे. गावातलं झोपडं पुढं पावसात बसलं. दार तेवढं राहिलं, व्हायचं.

यमुनाबाईंनी पदरानं डोळे पुसले, पुन्हा साचा हातात घेतला आणि म्हणाल्या, आलमारीले आरसा लावून घ्या म्हणा. त्यानंतर सवत हा शब्द त्यांच्या तोंडून फार दिवस निघाला नाही. आणि बाबूंचा हात दारात वर का जातो, ते मला तेव्हा कळलं. ओळीतल्या एका पोराला त्यानंतर मी नक्कल करताना पाहिलं आणि असा धपाटा घातला की त्याची आई माझ्याशी भांडायला आली.

जागेसाठी बाबूंनी साठवलं होतं. मानेवाड्याच्या बाजूला एक तुकडा बोलूनही ठेवला होता. दोघं नवराबायको तिथं जाऊन दार कोणत्या बाजूला येईल ते पाहून आले होते. त्याच वर्षी यमुनाबाई आजारी पडल्या. ऑपरेशन झालं, ते बिघडलं, दुसरं झालं, कितीतरी महिने दवाखान्याचा रस्ता. त्या बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा जागा हातची गेली होती. त्यांना फार लागलं ते. माझ्यापायी गेली, असं म्हणायच्या. बाबूंनी तो विषय एकदाच बंद केला. लाकूड आहे, यमुना आहे, जागेचं काय, होईल, असं म्हणाले आणि त्यांच्यासाठी पेज करायला आत गेले.

जागा काही झाली नाही. ऐंशी साल उलटून गेलं, बाबू रिटायर झाले. गृहनिर्माण मंडळाच्या एका योजनेत त्यांचं नाव लागलं आणि नव्या वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर मिळालं. तेवढ्यात घरमालकानंही कळवलं की ओळ पाडून तिथं मोठी इमारत बांधायची आहे, पावसाळ्याच्या आत सगळ्यांनी जागा सोडावी. आमचं धरमपेठेकडं जमलं. ज्याचं त्याचं सामान ज्यानं त्यानं आवरायला घेतलं. बाकी घरांत प्रश्न होता की देवघर कशात बांधायचं, लोणच्याची बरणी कोण धरून बसणार. मेश्रामांच्या घरात प्रश्न एकच, की हे लाकूड कुठं न्यायचं.

बाबूंनी आधी ते नव्या घरात बसवायचा प्रयत्न केला. मी आणि यमुनाबाई बरोबर गेलो होतो. जिना चढून दारापाशी गेले, हात वर केला. हात लगेच लागला. पत्र्याची चौकट, आधीच भिंतीत बसवलेली. मंडळाचा इंजिनिअर खाली होता, त्याला विचारून आले की दार थोडं उंच करता येईल का. तो बिचारा चांगला होता, त्यानं समजावलं की वर बीम आहे, हात लावला तर वरचं घर खाली येईल. तरी बाबूंचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी हातठेल्यावर चौकटीचा एक खांब घालून घेऊन आले, मागून आम्ही दोघी. दाराला नाही लागला तर भिंतीला तरी टेकवून ठेवू, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. दोन हमालांनी तो जिन्यात घातला आणि पहिल्याच वळणावर खांब अडकला. वर जाईना, खाली येईना. वरच्या मजल्यावरची माणसं वर, भाजी घेऊन आलेली एक बाई खाली, मधे खांब. हमाल म्हणाले, बाबूजी, काट दो. बाबूंनी नुसती मान हलवली. कितीतरी वेळ ते त्या खांबावर हात ठेवून उभे होते, गुरं अडतात तेव्हा शेतकरी उभा राहतो तसे. मग कसाबसा तो खाली उतरवला आणि हातठेला परत सक्करदऱ्याला आला. येताना खांबाच्या टोकाच्या लाल फडक्याकडं पाहून मला रडू फुटलं. दाबायचं काय त्यात, रडले.

मग सल्ले सुरू झाले. भिलाईला नोकरीला लागलेला मुलगा आला, तो म्हणाला, विकून टाका आणि त्यात घराला फॅन, फ्रीज घ्या. आमचे हे म्हणाले, गावाकडं कोणाच्या गोठ्यात ठेवा. मी म्हटलं, सोफा करा, टेबल करा, दोन माणसं सुखानं बसाल तरी. बाबू सगळ्यांना म्हणायचे, वाळू द्या. लाकूड विकत घ्यायला आरामशीनवाला येऊन गेला. त्यानं बोटांच्या पेरांनी टकटक केलं, नाक मुरडलं आणि वरची फळी ओढायला हात घातला. बाबूंनी त्याचा हात हळूच बाजूला केला, राहू द्या म्हणाले. ओळीतली अर्धी घरं रिकामी झाली. एका बाजूनं कौलं उतरवायला सुरुवात झाली. आणि बाबू रोज सकाळी चटई टाकून ढिगासमोर बसलेले.

शेवटी यमुनाबाईच बोलल्या. आम्ही दोघी विहिरीवर भांडी घासून पोत्यात भरत होतो. त्या हात न धुताच उठल्या आणि बाबूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"आता किती वाळवता जी?" त्या म्हणाल्या. "कपाळ फुटलं त्या दिवशी मामाजी कुठून येऊन राहिले होते?"

"दीक्षेहून," बाबू म्हणाले.

"मंग त्याइचं दार दुसऱ्या माळ्यावर नेऊन कोणाले दाखवता? विहाराले द्या. सारी वस्ती उभी जाईन त्यातून."

बाबूंनी वर पाहिलं. "अन् आपल्या घराचं?"

"आपल्या घरात वाकून जाऊ," यमुनाबाई म्हणाल्या. "इतके दिवस गेलोच ना."

कधीही न पाहिलेल्या सासऱ्याचं दार त्या बाईनं एका वाक्यात जागेवर लावलं. बाबू उठले, दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि वस्तीत रामटेकेकडं गेले. तिथं काय झालं ते त्यांनीच मागून सांगितलं. टिनाच्या जागी विहाराच्या पक्क्या भिंती उभ्या राहत होत्या. रामटेके गवंड्याशी बोलत होता. त्यानं ऐकून घेतलं आणि तोंडावर विचारलं, की आता ठेवायले जागा नाई म्हणून आमची आठवण आली काय बाबू? दुसरा कोणी असता तर धर्म, समाज असं काहीतरी बोलला असता. बाबू म्हणाले, हो, म्हणूनच. रामटेकेनं पुढं होऊन जयभीम घातला.

बाबूंच्या अटी दोन. नावाचा दगड लावायचा नाही, आणि दार नऊ फुटांचं. पहिली सगळ्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर विहाराच्या मंडळात चांगली खडाजंगी झाली, कारण भिंत जवळजवळ होत आली होती. एका दारासाठी सारी भिंत वर न्यायची, विटा वाढतील, असं गवंडी कुरकुरला. पण रामटेकेला आता तेच दार पाहिजे होतं. तर जगात कुठं झालं नसेल ते तिथं झालं: दार आधीचं, आणि त्याच्या मापानं इमारत उंच झाली.

सुतार आला तेव्हा गंमत झाली. गाडीभर लाकूड विहाराच्या अंगणात उतरवलेलं, बाबू शेजारी उभे राहून कोणती फळी कुठली ते लेकराबाळांची नावं सांगावीत तसं सांगत होते. सुतारानं रंधा मारून पाहिला, वास घेतला आणि म्हणाला की बाबू, हे सागवान नाही, बिजा आहे. दुसरी पाहिली, तीही बिजा. जवळजवळ अर्धा ढीग सागवान नव्हताच. इतकी वर्षं डेपोत, जुन्या घरांवर, लोकांनी बाबूंना बिनदिक्कत टोप्या घातल्या होत्या. बाबूंचं तोंड इतकंसं झालं. त्यांनी फक्त खांबांचं विचारलं. सुतारानं दोन्ही खांबांवर रंधा फिरवला, आणि आतून सोन्यासारखं सागवान निघालं. तेवढ्यात कितीतरी दिवसांनी यमुनाबाईंना जुना शब्द आठवला.

"पाहा वं बाई," त्या मला म्हणाल्या, "सवत अर्धी खोटीच निघाली."

आणि बाबू हसले. कमरेवर हात ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बिजाचंही वाया गेलं नाही; त्याचे पोरांना अभ्यासाला बसायचे बाक झाले. सगळं झाल्यावर बाबूंनी सुताराला बाजूला घेऊन एक काम सांगितलं. उरलेल्या सागवानाची एक खुर्ची पाहिजे होती, जरा उंच बैठकीची, हिचे गुडघे दुखतात म्हणाले. ती खुर्ची जिन्याच्या वळणावरून सहज वर गेली. यमुनाबाई तीवर बसून भाजी निवडतात असं मी पुढं कितीदा पाहिलं.

दार दसऱ्याच्या आदल्या दिवशी उघडलं. दसऱ्याला तर सारी वस्ती दीक्षेच्या जागी जाणार. आम्ही दोघं धरमपेठेहून बसनं आलो. पांढऱ्या कपड्यांची ही गर्दी. नव्या भिंतींना चुन्याचा वास, आणि मधे ते दार. मी ढिगात पडलेले खांब वर्षानुवर्षं पाहिले होते, त्यांच्यावर माझी लुगडी घासली होती. उभे राहिल्यावर ते इतके उंच दिसतील असं वाटलं नव्हतं. बाबूंनी आधी जावं म्हणून लोक थांबले होते, पण ते मागंच राहिले. म्हातारे माणसं जाऊ द्या, म्हणाले, जसे काही आपण तरुण. लोक जायला लागले. हमाल, मिलवाले, भाजीवाल्या बाया, पोरं पळत पळत. कोणीच वाकलं नाही. वाकायचं कारणच नव्हतं, त्यामुळं त्यात पाहण्यासारखं काही आहे हे कोणाला कळलंही नाही. बाबू मात्र एकेकाकडं पाहत होते.

सगळ्यांत शेवटी ते दोघं निघाले. आम्ही त्यांच्या मागं. बाबूंनी चपला काढल्या, उंबऱ्यापाशी आले, आणि सवयीनं त्यांचा उजवा हात वर गेला. चौकट शोधू लागला. मान खाली जायला लागली होती. पण हाताला काही लागेना. त्यांनी बोटं ताणली, टाचा उचलल्या, तरी लागेना. हात तसाच वर राहिला आणि बाबू तसेच उंबऱ्यावर उभे राहिले, पुढं होईनात. आतली माणसं वळून पाहायला लागली.

यमुनाबाईंनी त्यांचा तो वर गेलेला हात धरला, खाली आणला आणि आपल्या हातात ठेवला.

"लागत नाई जी," त्या म्हणाल्या. "चला आता."